पिकलं

प्रिय ठमाबाई,

तुझा फोन आला तेव्हा गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसलं होतं, म्हणून नुसतं हूं हूं केलं. आता दुपारचं दुकान बंद करून आरशासमोरच लिहायला बसलोय.

आधी अंगणाची बातमी. तुझ्या आईची पिवळी रानफुलं यंदा कमरेएवढी झाली. बी मी टाकलं. अर्धांगाच्या झटक्यापासून ती पलंगावरच, तिथून बघत होती. मी वर माती लोटायला लागलो की डावा हात हलवून नाही म्हणायची. मग आठवलं, हे बी पुरायचं नसतं, पायाने नुसतं दाबायचं. या वयात अंगणभर थयथया नाचलो बघ. फुलं आली, मधमाश्या आल्या, फुलपाखरं आली, आणि आईने आपणहून मान खिडकीकडे वळवली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्याच मानेशी किती दिवस झटत होत्या!

आता नुसते तपकिरी गोंडे उरलेत. शेजारीण म्हणते, न्हाव्याचं अंगण असं पिंजारलेलं शोभत नाही. खोटं कशाला बोलू, माझेही हात शिवशिवतात. गेल्या साली तू असंच सगळं छाटून अंगण लख्ख करून गेलीस. आई तेव्हा हिंडतीफिरती होती. तुझी पाठ वळताच कचऱ्याच्या ढिगाशी बसून बी वेचत राहिली. वर्षभराचंच झाड ते, बी गेलं की संपलं. तुला मात्र तिने एका शब्दाने दुखवलं नाही. यंदा उगवलं ते त्याच वेचलेल्या बियांतून.

काल सकाळी इवले पक्षी आले आणि गोंड्यांना उलटे लटकून दाणे टिपायला लागले. मी कात्री घेऊन दारात. म्हटलं, वाळलं गं सगळं, थोडं कापू का? आणि तुझी आई बोलली. आजारपणानंतर पहिल्यांदा. जीभ अडखळली, पण शब्द स्पष्ट होता. पिकलं, म्हणाली. मी कात्री खाली ठेवली. जन्मभर लोकांचे पिकलेले केस कापले, आणि मलाच हा शब्द सुचू नये!

तू फोनवर म्हणालीस, आई पार वाळून गेलीय, रविवारी गाडी आणते, तिकडे चांगल्या संस्थेत ठेवू. तुझी माया कळते मला, माझ्या दमणुकीची काळजीही कळते. पण ती इथून हलणार नाही, या खिडकीपासून तर नाहीच. रविवारी जरूर ये. गाडी आणू नकोस, बसने ये. तिच्या उशाशी बस आणि गप्प राहा. पुढचा शब्द ती तुझ्याशी बोलेल.

तुझाच,
कात्री आवरून बसलेला बाबा