शिंपीणबाईंच्या शालीचा वास

तीर्थरूप आईस,
शेपटी खाली ठेवून नमस्कार.

मी मजेत आहे. माझी शिंपीणबाई मी चांगलं वळण लावून पाळली आहे. तिने कापड पसरलं की मी त्यावर बसते, तिने वाटी भरली की आधी तोंड फिरवते. एवढी शिस्त हवीच, नाहीतर माणसं डोक्यावर मिऱ्या वाटतात.

काल मात्र ती भावाकडून, म्हणजे तुझ्याच घरून, परत आली आणि तिच्या शालीला दुसऱ्या मांजरीचा वास! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग नीट हुंगलं, तर तो तुझा. माझ्या बाईच्या मांडीवर तू बसलीस? आई आहेस म्हणून सोडलं.

पण शालीला दुधाचाही वास होता. नवी पिल्लं झाली वाटतं. आनंद आहे. माझ्यापेक्षा देखणी नसतीलच. सारखं चाटत बसू नकोस त्यांना, शेफारतात. तू पोटभर जेवतेस ना?

शाल मी कपाटामागे ओढून नेली आहे. बाई शोधतेय, शोधू दे. वास मात्र विरत चाललाय. ती पुन्हा तिकडे आली की तिच्या मांडीवर बस. या खेपेला जरा जास्त वेळ बस.

तुझी,
त्या सगळ्यांच्या आधीची,
ठिपकी