काकांचा कान

४ मार्च
लागली एकदाची नोकरी! मोबाइल बाजारात जाण्याआधी त्याच्या लहरी माणसाच्या डोक्यात किती शिरतात, ते मोजायचं काम. आकडा मर्यादेच्या आत असला तर फोन पास, नाहीतर परत. डोकं अर्थात खरं नाही. प्लास्टिकचं, अर्धं, आडवं ठेवलेलं, वरून उघडं. आत मेंदूच्या जागी साखर-मिठाचं पाणी. खालून कानाला फोन लावायचा, वरून यंत्राचा हात पाण्यात सुई बुडवून मोजत फिरतो. सगळे त्या डोक्याला काका म्हणतात. मीही गेल्या गेल्या नमस्कार ठोकला. साहेबसुद्धा हसले.

११ मार्च
मोजून मोजून जीव मेटाकुटीला येतो. त्यात दुपारी बायकोचा फोन. इथे घर मिळेपर्यंत ती माझ्या आईजवळ आहे. मला कधी नेताय, हा एकच धोशा. तिचं चुकत नाही, पण माझ्यात हूं म्हणायचंही त्राण उरत नाही. आज ती बोलत असतानाच माझा मोबाइल सरळ काकांच्या कानाला अडकवला आणि चहा पिऊन आलो. संध्याकाळी ती म्हणाली, आज किती शांतपणे ऐकून घेतलंत! लाज वाटली, हसूही आलं.

१५ मार्च
आता रोज तेच करतो. तेवढीच डुलकी मिळते. पण आज तिने विचारलं, लवकरच बोलावतो म्हणालात, ते नक्की ना? मी असं काही बोललोच नव्हतो.

१८ मार्च
कानाला फोन नसतानाही काकांच्या डोक्यात आकडा येतोय, मर्यादेच्या कितीतरी वर. साहेब म्हणाले, सुई बिघडली असेल, बदल. बदलली. आकडा तसाच.
डोक्यात किती जातं, याला मर्यादा आहे. डोक्यातून बाहेर काय येतं, ते कोण मोजणार?

२० मार्च
तो चावटपणा बंद केला. माझा फोन दिवसभर खिशात. तरी आई सांगते, ती फोन कानावरून काढतच नाही. जेवतानाही नाही. कान लालबुंद झालाय. विचारलं तर म्हणते, हे बोलताहेत.
मी नाही बोलत. मग कोण—
भीती वाटते. आणि इतका थकलोय, की भीतीही धड वाटत नाही.

२१ मार्च
रजा मागितली. नाही मिळाली. तिचा फोन सारखा व्यस्त.

२२ मार्च
आईचा फोन— बायको सकाळच्या गाडीने निघाली. म्हणे, मीच बोलावलं.
काकांच्या कानाला कान लावला. आत तिचा आवाज. ओरडलो, अगं, तो मी नाही! ती थबकली. मागे कोण ओरडतंय, विचारलं. माझ्याच आवाजात उत्तर आलं, कुणी नाही गं.
पुन्हा ओरडायला गेलो, तर माझा आवाजच निघेना. म्हणून लिहितोय, साहेबांना दाखवायला—
ती विचारतेय, पुढचं स्टेशन तुमचंच ना—
काका म्हणताहेत, हो. दारात ये. गाडी थांबायची वाट बघू नकोस, आत्ताच उत