पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याचा प्रश्न

ताईस,
धाकट्याचा वैतागलेला नमस्कार. बाकी मी मजेत आहे.

इथल्या भाषेच्या वर्गात मला पैकीच्या पैकी मिळायचे. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा अन् ती ओळ उतरवायची! काल धडा होता कणीक मळायच्या यंत्राचा, मी कामाला आहे त्या बेकरीत आहे तसल्याच. बाई म्हणाल्या, ‘आज प्रश्न तुम्ही विचारा.’ मी आपला प्रश्नही धड्यातच शोधत बसलो! शेजारच्या शिंपीणकाकूंनी विचारलं, ‘यंत्र बंद न करताच कणीक काढली तर?’ त्यांनी उभ्या जन्मात असलं यंत्र पाहिलेलं नाही. मी मात्र तीन महिने तशीच काढत होतो, गाढवासारखा. ‘आधी यंत्र बंद करा, मग कणीक काढा’ ही धड्यातलीच सूचना आमच्या यंत्रावर डकवलेली आहे. रोज वाचतो!

आणि तू? मागच्या पत्रातलं माझं ‘मजेत आहे’ वाचून विचारलंस, ‘अक्षर वाकडं का? बोटाला काय झालं?’

टाके निघालेत, ताई. आईला सांगू नकोस.

तुझा,
धाकटा