राजमातेची खोली

५ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

परवा आईला आणि हिला डोंगरातल्या त्या गावचा किल्ला दाखवून आणला. हवा झकास! आईचे गुडघे कुरकुरत होते, पण चढली बिचारी. वर बुरुजात राजाच्या आईची वेगळी खोली आहे; खिडकीतून सगळी दरी दिसते. मी आईला म्हटलं, बघ, त्या काळीसुद्धा म्हाताऱ्या माणसांना स्वतंत्र, शांत जागा देत होते. उतरल्यावर सहज पायथ्याचं वृद्धनिवासही दाखवलं. आई काही बोलली नाही, म्हणजे आवडलं असावं. काल मात्र पिशवी भरून तुझ्याकडे निघून आली. हिचं म्हणणं, तू समजावलंस तर ऐकेल. आमची जागेची अडचण तू जाणतेसच.

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त असू दे.

तुझा,
भाऊ

९ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

लबाडी करताना 'सहज' म्हणायची तुझी खोड काही गेली नाही. वृद्धनिवासातल्या त्या सहज दाखवलेल्या खोलीच्या दारावर आईच्या नावाची पाटी आधीच लागली होती म्हणे! आणि राजमातेचं म्हणशील, तर तू फोटो काढत होतास तेव्हा आईनं गाइडला विचारलं. लेकानं तिला तिथं कोंडलं होतं. कडी बाहेरून होती. इतिहासात तू काठावर पास होणारा, तुला कुठून कळणार?

अडचण म्हणतोस, ते घर आईचं आहे बाबा. मी समजूत घालायला गेले, तर तिनं मलाच गप्प बसवलं. ती स्वतः लिहिते आहे. आधी पाणी पी, मग वाच.

अजून तरी तुझीच,
ताई

१० मार्च

चि. बाळास,
आशीर्वाद.

मी रविवारी घरी येते. महिनाअखेरीस तुम्ही दोघं दुसरीकडे बिऱ्हाड करा. सुनेला बोल लावू नकोस, पाटी तू करून घेतलीस.

जन्मभर नर्सचं काम केलं. उशाशी बसून गोड बोलणारे आणि बाहेर येऊन खाट कधी रिकामी होईल विचारणारे पुष्कळ पाहिले. त्यांत तू निघशील असं वाटलं नव्हतं. पाटी बघून हसूच आलं. नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती. रडू बसमध्ये आलं. तू शेजारीच घोरत होतास.

आशीर्वाद आहेतच, त्यांना घर सोडावं लागत नाही. भेटायला येत जा. मात्र येताना बेल वाजवायची सवय कर.

आई