बाबांपाशी अडणारी सीडी

आई,

मी कंपनीच्या बसला निघाले. तुझा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. डबा घेतलाय.

काल तुला नको ते बोलले. छायाताईच्या लग्नाची सीडी पाठवणीत बाबा बोलायला लागले की बिघडते, चित्र फाटतं आणि आवाज जातो. त्यात तिच्या चकचकीत बाजूवर तू दसऱ्याला वाहिलेलं हळदकुंकू दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. सगळं तुझ्यावर ढकललं.

मग तू देवळात गेल्यावर मी लग्नाच्या मूळ व्हिडिओ कॅसेटवरून दुसरी सीडी केली, कॉम्प्युटरला अगदी सावकाश करायला लावली. तीही तिथंच बिघडली. म्हणून कॅसेटची झडप उघडून टेप बघितली. बाकी सगळी नवीसारखी आहे, फक्त तेवढाच तुकडा चुरगळून झिजलाय. एकच जागा पुन्हा पुन्हा मागे घेऊन लावली की असं होतं.

मला वाटायचं, बाबा गेल्यापासून तू ती कॅसेट बघतच नाहीस. मी लावली की तू उठून स्वयंपाकघरात जायचीस.

आता ती लावू नकोस, तुटेल. नवी सीडी टीव्हीवर ठेवलीय. हळदकुंकू वाहायचं तर सीडीच्या डबीला वाहा. संध्याकाळी दोघी मिळून बघू. आवाज गेला की बाबा तिथं काय म्हणतात ते तू सांग. तुला पाठ असेल.

तेजू