यादीत नसलेले तेवीस जण

प्रिय मारिसेला,

हे पत्र ब्रेलच्या ठिपक्यांत छापून पाठवतोय याचं तुला नवल वाटेल. फोनवर पाठवलं असतं तर तुझ्या फोनने ते मोठ्याने वाचलं असतं, आणि तुमच्या घराच्या भिंती किती पातळ आहेत हे मला ठाऊक आहे. हे आधी तुझ्या एकटीच्या बोटांखालून जायला हवं. मग आईला सांग किंवा सांगू नको, तुझी मर्जी. फक्त एका बैठकीत वाचून काढ. दिवस थोडे आहेत.

कॉलेजातलं आमचं अपंग विद्यार्थ्यांचं ऑफिस आता आवाजावरून तुला ओळखू येणार नाही. बहिऱ्या मुलांसाठी वर्गात हातवारे करणाऱ्या दोघी बायका होत्या, त्यांना नाताळच्या सुट्टीआधी निरोप दिला. त्यांच्या बांगड्या दिवसभर वाजायच्या, आठवतं? तू म्हणायचीस, "प्रोफे, मुक्या भाषेचा केवढा हा गोंगाट!" मी प्राध्यापक नाही, डोंगरातल्या एका खोलीच्या शाळेत शिकलेला माणूस आहे, हे किती वेळा सांगितलं तरी तू प्रोफेच म्हणत राहिलीस. पुस्तकाची बांधणी कापून पानं सुटी करायची, ती यंत्रात घालायची, चुका काढायच्या, चित्रं शब्दांत सांगायची, एवढंच माझं काम. यंत्राशेजारी आंधळ्यांच्या कैवारी संतिणीची, सांता लुसियाची, तसबीर अजून आहे. तिला चेहऱ्यावर डोळे आहेत आणि हातातल्या ताटलीतही तिचेच डोळे आहेत हे तुला सांगितलं, तेव्हा तू विचारलं होतंस, "मग ती मला एक जोडी का देत नाही? तिच्याकडे जास्तीची दिसते!" मी क्रूसाची खूण केली, आणि मग मलाही हसू आवरलं नाही.

बाहेर आठवडाभर दाट धुकं आहे. बदामाच्या बागांमधला रस्ता दहा पावलांपलीकडे दिसत नाही. गाडी चालवताना तुझी आठवण येते. तू धुक्यात बिनधास्त चालायचीस आणि आम्ही डोळस लोक चाचपडायचो.

गेल्या रविवारी चर्चच्या अंगणात तुझी आई भेटली. माझ्या हातात चंपुर्रादोचा, मक्याच्या पिठातल्या गरम चॉकलेटचा, कप ठेवून म्हणाली, "मारिसेला आता माझ्याबरोबर संत्र्यांच्या कारखान्यात येते. खोके दुमडते. हात चलाख आहे तिचा. आकडेवारीचा तो विषय तिच्या डोक्यात शिरलाच नाही बघा, डॉन अन्सेल्मो. पोरीला स्वतःलाच पटलंय आता की आपलं डोकं काही तितकं नाही. मी म्हटलं, जाऊ दे, कष्टाला काय लाज?" मी मान हलवली. कप संपवला. चांगला झालाय म्हणालो. मारिसेला, मी तिथे एवढंच बोललो.

आता मागे जातो, नाहीतर तुला कळणार नाही. मला चोन नावाचा धाकटा भाऊ होता. त्याचा एक पाय जन्मतः वाळलेला. मी पाठुंगळीला घेऊन त्याला शाळेत न्यायचो. एकदा तालुक्याहून साहेब आला, कोणत्या मुलात काय व्यंग आहे त्याची यादी हवी म्हणाला. मास्तरांनी चोनचं नाव लिहिलं. आम्हाला वाटलं आता त्याला काहीतरी मिळणार, आईने तर साहेबाला कोंबडी कापून जेवू घातलं. पुढच्या वर्षी मास्तर म्हणाले, या मुलाची जागा इथे नाही, वरून तसं आलंय. चोन उरलेलं आयुष्य उंबऱ्यात बसून मक्याचे दाणे सोलत राहिला. तेव्हापासून कुणाचंही नाव यादीत घालायचं मी टाळतो.

आणि इथे आमचं सगळं यादीवर चालतं. ज्या विद्यार्थ्याने डॉक्टरचा कागद आणून आपल्या अपंगत्वाच्या अर्जावर सही केली, तोच राज्य सरकार मोजतं. जितके मोजले, तितका निधी. डोरीन आमची साहेब, वाईट बाई नाही ती. दर ऑगस्टला बजावायची, "अन्सेल्मो, सही नाही तर मोजणी नाही, आणि मोजणी नाही तर आपणही नाही." मी हो म्हणायचो. मग दारात कुणीतरी उभा राहायचा. रोसेंदो नावाचा एक वेल्डिंग शिकणारा होता, चाळिशीचा. शिडीवरून पडल्यापासून त्याला अक्षरं फिरल्यासारखी दिसायची. म्हणाला, "तू पुस्तक वाचून दे, भाऊ, पण कागदावर मला अधू लिहू नको. पत्रं माझी बायको उघडते." दुसऱ्या एका मुलीच्या वडिलांकडे या देशाचे कागद नव्हते, ती कुठल्याच सरकारी अर्जावर घरचा पत्ता द्यायला तयार नव्हती. मी म्हटलं, असू दे. पानं कापायला सही कशाला लागते? संध्याकाळी थांबून त्यांची पुस्तकं करून दिली. तीन वर्षांत असे तेवीस जण झाले. मला ते पुण्यच वाटत होतं. सकाळच्या प्रार्थनेत मी त्यांची नावं घ्यायचो. देवाकडे त्यांची यादी आहे, तेवढी पुरे, असं मनात म्हणायचो.

मागच्या हिवाळ्यात डोरीन एक कागद घेऊन आली. मोजणी घसरली होती. "इतके विद्यार्थी गेले कुठे? दारात तर रोज गर्दी दिसते मला," ती म्हणाली. मी यंत्रात पुढचं पान सरकवलं. निधी कापला गेला. माझ्या हाताखालच्या मदतनिसाला काढलं, माझा दिवस अर्धा केला. जानेवारीत तुझं आकडेवारीचं पुस्तक टेबलावर आलं, तेव्हा त्याच्याआधी आठ पुस्तकं होती. तुझ्या पुस्तकात पानोपानी आलेख. त्यातली प्रत्येक रेघ फुगीर कागदावर उठवायला अर्धा तास लागतो.

तू दर सोमवारी यायचीस. वर्गात बाई म्हणायच्या, "इथे बघा, ही रेघ कशी वळते," आणि बाकी सगळे बघायचे. तू विचारायचीस, "प्रोफे, आलं का?" मी सांगायचो की प्रकाशकाने अजून पाठवलं नाही. नऊ आठवडे सांगितलं. मारिसेला, प्रकाशकाने पुस्तक पहिल्याच आठवड्यात पाठवलं होतं. ते माझ्या टेबलावर पडलं होतं, आणि तू त्याच टेबलावर हात टेकून उभी असायचीस.

नवव्या आठवड्यात पहिले तीन धडे दिले. मधोमध उंच होणाऱ्या त्या रेघेवरून तू बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "अगं बाई, हा तर आमच्या गल्लीतला गतिरोधक!" एका मिनिटात तुला सगळं कळलं होतं. तोवर दोन परीक्षा हातच्या गेल्या होत्या. तू नापास झालीस, फीची मदत थांबली, आणि मे महिन्यात तू माझ्याकडे येऊन माझीच माफी मागितलीस. म्हणालीस, "तुम्ही एवढं केलंत आणि मी ते वाया घालवलं." मी तुला पाणी दिलं.

तेवीस जणांकडे मी जाऊन आलो. आता तरी सही करा म्हणालो. चौघांनी केली. बाकीच्यांनी ऑफिसात पाऊल टाकणं सोडलं, रोसेंदोने तर कॉलेजच सोडलं. पाद्र्यांपाशी सगळं कबूल केलं.  कबुलीच्या जाळीपलीकडून ते म्हणाले, "देवाने क्षमा केली असेल, अन्सेल्मो. पण तू हे मला का सांगतोयस? पोरीला सांगितलंस का?"

म्हणून हे लिहितोय. या पत्रामागे एक गुळगुळीत पान आहे, त्याला ठिपके नाहीत. तो तुझ्या निकालाविरुद्धचा अर्ज आहे. त्यात मी सहीनिशी लिहून दिलंय की पुस्तक नऊ आठवडे उशिरा मिळालं, चूक ऑफिसची होती, आणि उशीर का झाला त्याबद्दल मी तुझ्याशी खोटं बोललो. तेवीस जणांबद्दलही लिहिलंय, नावं दिलेली नाहीत आणि देणार नाही. डोरीनने वाचलं आणि दार लावून घेतलं. म्हणाली, "हे दिलंस तर मी तुला वाचवू शकणार नाही." मी म्हटलं, माहीत आहे. अर्ज मान्य होईल याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि झाला तरी वर्ष गेलं ते गेलंच. पण अर्जाची मुदत शुक्रवारी चारला संपते, ती कायमचीच. पहिल्या वर्षी पुठ्ठ्याला खाच कापून मी तुला सही शिकवली होती. तू घरभर सह्या करत सुटली होतीस, "आता मी कर्जसुद्धा काढू शकते, प्रोफे!" त्या पानावर खाली उजवीकडे बोट ने. चिकटपट्टीची तेवढीच चौकट लावलीय, तिच्या आत सही कर. शुक्रवारी दुपारी कारखान्याच्या फाटकाशी मी गाडी घेऊन थांबेन. माझ्या गाडीत बसावंसं वाटलं नाही तर पान पहारेकऱ्याकडे दे, मी नेऊन देईन. सही करावीशी वाटली नाही तरी एवढं मात्र बोटांनी पुन्हा एकदा वाच: तुझं डोकं चालतं, पोरी. पुस्तक मी दिलं नव्हतं.

तुझाच,
पण आता 'प्रोफे' म्हणू नकोस असं विनवणारा,
अन्सेल्मो