घरटी एक लाकूड

ओंडका खांद्यावर तसाच ठेवून मी बाईजाच्या अंगणात उभा होतो, आणि बाईजा ओटीवर बसून बशीतून चहा पीत होती. अंगणात दहा-बारा बायका. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ओंडक्याकडे, मग बाईजाकडे. आमच्या पाड्यात खांद्यावर ओंडका घेऊन कोणी दुसऱ्याच्या दारात जातो तो एकाच कामासाठी, हे तिथल्या कोंबड्यांनाही ठाऊक असावं. त्या बाजूला झाल्या. बाईजानं बशी खाली ठेवली आणि विचारलं, "चांगो, कोन मेला रे?"

नवसू, पत्र असं मध्येच सुरू झालं याचं वाईट वाटून घेऊ नकोस. दुपारपासून डोक्यात दुसरं काही नाही. आता रीतीचं लिहितो. तुझे गुडघे कसे आहेत? क्लच दाबून दाबून गेलेला डावा, आणि डाव्याला सांभाळून सांभाळून गेलेला उजवा, दोघांनाही माझा नमस्कार. वहिनींचं मोतीबिंदूचं काम झालं का? शहापुरात नळाला पाणी येतं का? (तानसा तुमच्या उशाशी आहे, पण तिचं पाणी मुंबईला जातं, हे मला माहीत आहे. तरी विचारावं लागतं.) मी इकडे ठीक आहे. म्हणजे रोज सकाळी उठतो.

कल्याण सोडून मी पाड्यावर का आलो, हे माझ्या मुलानं, आदेशनं, तुला सांगितलं असेल. बाबांना हवापालट हवा होता. तसं मीच त्याला सांगितलं होतं. खरं असं की दिवाळीनंतर आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वारले आणि मी त्यांच्याबरोबर स्मशानात गेलो. तिथे लाकडाचा भाव पाटीवर लिहिला होता, किलोचा. (आपण लाकूड मोळीनं आणि गाडीनं मोजणारी माणसं. किलोनं लाकूड म्हणजे वांगी घेतल्यासारखं वाटतं.) त्यांच्या मुलानं विचारलं, किती लागेल. तिथल्या माणसानं तिरडीकडे एकदा पाहिलं आणि आकडा सांगितला. पोराला हाफ तिकीट द्यायचं की फुल, हे मी कंडक्टर असताना गाडीत असंच एका नजरेत ठरवत असे. मुलानं आकडा थोडा कमी करून पाहिला. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण शेवटी त्यानं सांगितल्यापेक्षा जास्तच घेतलं. परत येताना रिक्षात आदेश गप्प होता. त्याच्या कारखान्यात सहा महिने अर्धा पगार चालू आहे. तो मनात काही मांडत होता असं मी म्हणत नाही. मी मांडत होतो. आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझी छाती बराच वेळ ऐकली होती, आणि मुंबईच्या एका तपासणीची चिठ्ठी लिहून दिली होती. तपासणीला किती लागतात हे मी विचारून घेतलं, चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली, आणि घरी सांगितलं की डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा. भूमिका म्हणाली, मग पाड्यावर जाऊन या की थोडे दिवस. सून चांगली आहे. तिनं बॅगेत चिवडा दिला.

तुला आपला कल्याण-धसई गाडीतला जुना वाद आठवत असेल. अठरा वर्षं तू पुढे आणि मी मागे, वाद घालायला आपल्याला फक्त शेवटचा थांबा मिळायचा. मी म्हणायचो, टप्प्याटप्प्यानं जगणं स्वस्त होत जातं. कल्याणला चहा तीन रुपये, मुरबाडला अडीच, धसईला दोन. गाडी अशीच पुढे डोंगरात नेली तर एका जागी चहा फुकट मिळायला हवा. तू म्हणायचास, डिझेलचं बघ. डिझेल लांबच्या पंपावर पाच-दहा पैशांनी महाग, कारण टँकर वाटेत स्वतःच पितो. मग आपण दोघांनी मिळून असं ठरवलं की शहरात जकात आणि खेड्यात वाहतूक, म्हणजे सगळ्यात स्वस्त जागा मधे कुठेतरी असणार, बहुधा रायते आणि गोवेलीच्या दरम्यान, आणि तिथे आपली गाडी थांबत नाही. निवृत्त होताना मी चहावर विश्वास ठेवला. डिझेलवर ठेवायला हवा होता.

कारण इथे जे पिकतं ते स्वस्त, पण ते धसईच्या बाजारात पोचेपर्यंतच. तिथून ते कल्याणला जातं. जे बाहेरून येतं त्यावर प्रत्येक टप्प्याचं तिकीट चढलेलं असतं. मीठ महाग, काडेपेटी महाग, साबण महाग आणि शिवाय जुना. रॉकेल कल्याणला कार्डावर महिन्याच्या महिन्याला मिळतं. इथे दोन महिन्यांनी येतं, तेही अर्धं, आणि उरलेलं अर्धं कोणत्या गावचे लोक जाळतात हे कोणाला माहीत नाही. चहा मात्र अजून दोन रुपयेच आहे. पेला लहान झाला आहे. (पहिल्या आठवड्यात मी दोन पेले घेऊन पाहिले. चार रुपये झाले.)

पण मी जगायला आलोच नव्हतो, त्यामुळे हे सगळं मी मनावर घेतलं नाही. मी आलो होतो लाकडासाठी. आमच्याकडे कोणी गेलं की प्रत्येक घरातून एक लाकूड येतं, हे तुलाही ठाऊक आहे. विकत घ्यायचं नाही, मागायचं नाही. बाप्या माणूस खांद्यावर ओंडका घेऊन येतो, अंगणात ठेवतो, आणि न बोलता बाजूला बसतो. माझ्या वडिलांच्या वेळी मी हे पाहिलं होतं. कल्याणला पाटी वाचताना तेच अंगण डोळ्यांसमोर आलं आणि मला एकदम हलकं वाटलं.

शेजारच्या बारकूला मी पहिल्याच संध्याकाळी हे सांगितलं. बारकू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, अजून स्वतः नांगर धरतो, आणि मला दम लागला की हसतो.

"बरोबर," तो म्हणाला. "हिथं लाकूड कोनी इकत घेत नाय. घरटी एक. चौदा घरं, चौदा लाकडं. मानूस आरामात जलतो." मग विडी ओढून म्हणाला, "पन तुला कोन घालंल?"

मी म्हटलं, म्हणजे?

"तू कोनाला घातलंस? तुज्या बापाला सगल्यांनी घातली. मंग तू तिकडं तिकिटं फाडीत ऱ्हायलास. माजा बा गेला, तू आला नाय. गोमाची आई गेली, तू आला नाय."

"पत्र पाठवलं होतं."

"पत्रानं चूल पेटंल," बारकू म्हणाला. "मानूस नाय जलत."

नवसू, सव्वीस वर्षांत पाड्यातलं एकही मरण मी पाहिलेलं नाही. ड्युटी होती, हे कारण खरं आहे, पण अंगणात ठेवता येण्यासारखं नाही. मग मी ठरवलं की अजून वेळ आहे तोवर आपण लाकडं घालायला लागू. बारकूनं त्याच्या बांधावरचा एक वाळलेला ऐनाचा ओंडका मला दिला. रोज सकाळी तो खांद्यावर घेऊन मी परसात चालायचो. पहिल्या दिवशी आठ पावलं झाली आणि मी खाली बसलो. दहाव्या दिवशी चाळीस. पण पाड्यात कोणी मरेना. शेवटचं मरण तीन वर्षांपूर्वीचं. मी घरोघर जाऊन तब्येतीची चौकशी करू लागलो. आधी लोकांना बरं वाटलं, की चांगो शहरात राहूनही माणुसकी विसरला नाही. मग एक-दोघांच्या लक्षात आलं की मी फक्त म्हाताऱ्यांची चौकशी करतो, आणि उत्तर चांगलं आलं की उठतो.

सगळ्यात जास्त आशा बाईजावर होती. ती नव्वदीची, चार महिने अंथरुणावर. मी रोज तिच्या ओटीवर जाऊन बसायला लागलो. आम्ही बोलायचो, म्हणजे ती बोलायची. तिच्या घरात सगळे कामाला जातात, दिवसभर ती भिंतीशी. पंधरा दिवसांत ती उठून बसायला लागली. मग भाकरी मागायला लागली. काल तिनं स्वतः चूल फुंकली. हे माझ्यामुळे झालं असं तिची सून म्हणते, आणि मला त्याबद्दल एक काकडी दिली.

आज दुपारी मी परसातून पाहिलं तर तिच्या अंगणात बायकांची दाटी. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एक पदरानं डोळे पुसत होती. कुडाला दोन हिरवे बांबू टेकवलेले. मला काय वाटलं ते सांगतो, तू कोणाला सांगू नकोस. मला बाईजाचं वाईट वाटलं, खरंच वाटलं, आणि त्याच वेळी मी ओंडक्याकडे वळलेला होतो. दोनशे पावलांत मी चार वेळा थांबलो. पोचलो तेव्हा शर्ट भिजलेला आणि तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि हे अशा प्रसंगाला शोभण्यासारखंच होतं. बायका बाजूला झाल्या. त्यांच्या पायाशी डबे होते. रॉकेल आलं होतं. बाईजाचा नातू शाम रेशनचं रॉकेल वाटतो, आणि दोन महिन्यांनी टाकी आली होती. पदर डोळ्याला लावणारीच्या डोळ्यात तेच उडालं होतं. बांबू गोठ्यासाठी होते.

"कोन मेला रे?" बाईजानं पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, कोणी नाही. सहज आलो.

"सहज ओंडका घेऊन कोन येतो?"

कोणी हसलं नाही. तेवढ्यात कुडापलीकडून बारकूचा आवाज आला. "म्हातारे, त्येला घाई हाय. त्येचा नंबर लावायचाय." मग सगळ्याच हसल्या, शामच्या हातातलं माप हललं आणि थोडं रॉकेल सांडलं, आणि जिचा डबा भरत होता तिनं मला शिव्या दिल्या. बाईजा हसली नाही. तिनं मला जवळ बोलावलं, ओंडक्यावर हात फिरवला, बोटानं ठोकून पाहिला.

"ऐन हाय," ती म्हणाली. "बरा हाय. ठेव हिथं. रॉकेल काय पुरत नाय, चुलीला व्हईल. मी गेले का दुसरा आन. तवा ह्यो धरायचा नाय, सांगून ठेवते."

मी ठेवला. रिकाम्या खांद्यानं परत आलो तरी तेवढाच दम लागला.

आत्ता हे लिहायला बसण्यापूर्वी बारकू येऊन गेला. बराच वेळ दारात उकिडवा बसला. चेष्टा केल्याबद्दल काही बोलला नाही; तसं बोलायची त्याची रीत नाही. उठताना म्हणाला, "तू जा बिनघोर. तुला मी घालीन. दोन घालीन." मी विचारलं, आणि तू आधी गेलास तर? "मी कुठं जातो," तो म्हणाला, "शेतात राब भाजायचाय अजून."

तेव्हा माझ्या नावावर सध्या दोन लाकडं आहेत, तीही तोंडी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. शहापूर बाजूला कोणी आजारी असेल तर बरं होवो. मी एवढ्या लांब ओंडका आणू शकणार नाही.

तुझा,
चांगो

ता. क. आदेशला फोन केलास तर सांग की मी इथे मजेत आहे.

ता. क. दुसरा. मजेत आहे असं सांगितलंस तर तो येणार नाही. तेव्हा थोडा कमी मजेत सांग. घाबरेल इतका कमी नको.

ता. क. तिसरा. नवसू, पाकिटातली चिठ्ठी मी आज पुन्हा वाचली. तपासणी दोन महिन्यांच्या आत करायची होती, तीन होत आले. रात्री आडवं झालं की श्वास पुरत नाही, भिंतीला टेकून बसतो. मला कल्याणला जायचं आहे. मी होऊन परत गेलो तर आदेश-भूमिका काय म्हणतील यापेक्षा मी काय म्हणेन हे मला सुचत नाही. आदेशला असं सांग की त्यानं यावं आणि मला ओढून न्यावं. मी थोडा नाही म्हणेन. तेवढ्यावर त्यानं परत जाऊ नये, हेही सांग. हे पत्र त्यासाठीच होतं.

दुसरा दिवस.

पहाटे बारकू गेला. झोपेतच. चौदा घरांतून चार लाकडं आली, त्यातलं एक ओलं. बाकीच्यांची लाकडं पौषातच विकली जाऊन वीटभट्टीच्या ट्रकात गेली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की इतरांच्या घरी असतील. तीन वर्षांत कोणी गेलं नव्हतं, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. शामनं घरटी पैसे गोळा केले. मीही दिले. लाकूड मुरबाडच्या वखारीतून टेम्पोनं आणलं. टेम्पोचं भाडं धरून कल्याणपेक्षा महाग पडलं. मी खांदा द्यायला पुढे झालो, बारकूच्या मुलानं मला हाताला धरून बाजूला केलं. सगळं आटोपल्यावर टेम्पो रिकामा परत निघाला होता, त्यात बसून मी मुरबाडला आलो. ड्रायव्हरनं माझ्याकडून काही घेतलं नाही. रिकामं परत यायचं भाडं त्यानं सकाळीच लावलं होतं. कल्याणची गाडी लागली आहे. आदेशला फोन करू नकोस.